तिसऱ्या खंडातला भिजलेला फर्मा

नवं पुस्तक हातात आलं की उल्काताई वानखडे ते आधी वाचत नाहीत. उपडं ठेवतात, पाठीवरून एकदा बोट फिरवतात आणि ब्लेडने त्याची शिवण उसवायला लागतात.

मी त्यांच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या एकुलत्या खोलीत, भाड्याने राहायला आले त्याच आठवड्यात हे पाहिलं. विद्यापीठात नाटक शिकत होते, त्यामुळे किंचाळायला मला फारसं निमित्त लागत नसे.

"अहो उल्काताई! नवंकोरं पुस्तक आहे ते!"

"मंग? जुनं कोण उसवतं?" ब्लेड न थांबवता त्या म्हणाल्या. "आणि ओरडू नको बाप्पा. शेजारच्या बीजींना वाटेल, काय झालं न काय नाही. दिवस कसे आहेत, पाहून राहिली ना?"

दिवस खरंच तसे होते. अंधार पडायच्या आत पंजाबातल्या बसेस बंद व्हायच्या. नाक्यानाक्यावर वाळूची पोती, आणि रेडिओवर आधी मेलेल्यांचा आकडा, मग हवामान. चंडीगड त्यातल्या त्यात शांत. म्हणजे इथली भीतीसुद्धा सेक्टरवार आखलेली. अशा दिवसांत मराठी पुस्तक इथवर यायचं ते पुण्याहून बदलीवर येणाऱ्या एखाद्या एअरमनच्या ट्रंकेतून, लोणच्याच्या बरणीला टेकून. प्रत एकच, आणि वाचायला आसुसलेली घरं चार. पुस्तक एका घरात गेलं की महिनाभर तिथेच मुक्काम ठोकायचं. यावर उल्काताईंनी उपाय काढला होता. त्यांच्या वडिलांचं अकोल्यात बाइंडिंगचं दुकान होतं. पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांचे फर्मे एकावर एक ठेवून शिवलेले असतात, हे त्यांना अक्षरओळख होण्याआधी माहीत होतं. मग शिवण काढायची, एकेक फर्मा ब्राऊन पेपरात गुंडाळून सुतळीने बांधायचा आणि घरोघर फिरवायचा. पहिलं घर दुसरा फर्मा उघडतं, तेव्हा दुसरं घर पहिला वाचत असतं. सगळ्यात शेवटी तो उल्काताईंकडे येणार. त्या वाचणार, सगळे फर्मे जमले की पुन्हा शिवणार, नवी पाठ चढवणार आणि अंबाला छावणीतल्या मराठी बायकांकडे पाठवणार.

"पण तुम्हीच शेवटी का?" मी विचारलं होतं.

"शिवणारीने आधी वाचलं तर शिवायचा कंटाळा येते," त्या म्हणाल्या.

त्यांचे यजमान अशोकराव एअर फोर्सच्या डेपोत वॉरंट ऑफिसर. ते पेपरमागून म्हणाले, "खोटं आहे ते. शेवटी बसलं की सगळ्यांना उशिराबद्दल झापता येतं."

त्या वर्षी 'धूम्रदेश' फिरत होतं. जादूच्या राज्याची पाच खंडांची कादंबरी. पहिल्या खंडात उडते घोडे, दुसऱ्यात समुद्रातलं युद्ध. दोन्ही चारही घरांनी जेवताना वाचले, भाजी जाळून वाचले. मग तिसरा खंड आला, 'बिनदाराचा किल्ला', आणि मंडळींमध्ये फूट पडली.

मंडळी म्हणजे दर रविवारी दुपारी उल्काताईंच्या बैठकीत चिवडा खायला जमणारी माणसं. एक नंदकुमारकाका, पुण्याचे, सेक्टर चौतीसमधल्या एका कार्यालयात मोठ्या हुद्द्यावर, आणि मतांच्या बाबतीत त्याहून मोठ्या हुद्द्यावर. दुसरे दिगंबर, कोल्हापूरचे, डेराबस्सीच्या औषधाच्या कारखान्यात केमिस्ट. फर्मा कारखान्याच्या बसमध्ये वाचायचे, त्यामुळे त्यांच्या पानांना कसल्यातरी सिरपचा वास यायचा. तिसरी रागिणी. लग्न होऊन मालवणहून थेट चंडीगडजवळच्या खरड गावी आलेली. नवरा गुरुनाथ कालव्याच्या दुरुस्तीवर, आठवडे आठवडे रोपडकडे. ती बसने यायची, दाराजवळच्या खुर्चीवर बसायची आणि परतीच्या बसकडे लक्ष ठेवून सगळ्यांचं ऐकायची. फर्मे याच क्रमाने फिरायचे: काका, दिगंबर, रागिणी आणि मग उल्काताई.

बैठकीचा एकच नियम: उल्काताईंसमोर पुढची गोष्ट बोलायची नाही. मत द्या, पण काय घडलं ते सांगू नका. त्यामुळे रविवारची चर्चा म्हणजे हातपाय बांधून केलेली कुस्ती.

"हा खंड म्हणजे पाणी घातलेलं पिठलं आहे," काकांनी जाहीर केलं. "पहिल्या दोन खंडांत जे कमावलं, ते लेखकाने इथे बसून खाल्लं."

"काका, पर त्यो किल्ला..." दिगंबर.

"किल्ल्याचं नाव काढू नका, उल्काताई आहेत."

"किल्ला मले माहीत आहे," उल्काताई स्वयंपाकघरातून. "मी पोचली तिथवर. दार नाही, खिडकी नाही, बाहेर छायाराजाचं सैन्य. इरावी न तिची माणसं आत कोंडून."

"कोंडूनच!" काकांनी संधी साधली. "फर्म्यामागून फर्मा कोंडून! युद्ध नाही, घोडे नाहीत. धान्य मोजताहेत, भांडताहेत, भिंतीला कान लावताहेत. पाच खंडांच्या मालिकेत मधला खंड कसा हवा? पुलासारखा. माणूस चालत पलीकडे गेला पाहिजे. हा गृहस्थ पुलाच्या मधोमध सतरंजी घालून बसलाय."

"मला बरा वाटला," दिगंबर म्हणाले. "म्हंजे लई भारी न्हाई, पर बरा. आपल्याकडं कर्फ्यू लागला की आमच्या कॉलनीत असंच होतं की ओ. दुसऱ्या दिवशी साखरेवरनं भांडणं."

"तेच घरी आहे, तर पुस्तकात कशाला?"

"रागिणी, तुले कसा वाटून राहिला?" उल्काताईंनी विचारलं.

सगळ्यांनी दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. रागिणीने पदर सारखा केला.

"मला... आवडला."

"का?" काकांनी असं विचारलं की जणू ती तोंडी परीक्षेला बसली आहे.

"सांगितलं तर पुढचं सांगितल्यासारखं होईल," ती म्हणाली, आणि बसची वेळ झाली म्हणून उठली.

ती गेल्यावर काका म्हणाले, "नियमाचा आडोसा चांगला सापडला हिला."

"काका, चिवड्यातले दाणे निवडून खाणं बंद करा," उल्काताई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात अचानक बंद पुकारला गेला. त्या दिवशी रागिणी फर्मा द्यायला चंडीगडला आली, तर अर्ध्या रस्त्यातच बसमध्ये बातमी पसरली की दुपारनंतर खरडकडे एकही गाडी सुटणार नाही. ती धावतच उल्काताईंच्या दाराशी पोचली. उल्काताई घरी नव्हत्या, मी तालमीला होते. रिक्षावाला ओरडत होता. तिने पिशवीतलं पुडकं काढलं, फाटकाच्या कडीला अडकवलं आणि तशीच बसस्टँडकडे पळाली.

ब्राऊन पेपरातलं, सुतळीने बांधलेलं, बेवारस पुडकं. ट्रान्झिस्टरमध्ये बॉम्ब ठेवायचे दिवस होते ते. बसमध्ये, सिनेमागृहात, बाजारात एकच घोषणा: लावारिस वस्तूला हात लावू नका. शेजारच्या पंजाबी म्हाताऱ्या बीजींनी कपडे वाळत घालताना ते पुडकं पाहिलं आणि त्यांनी अगदी बरोबर तेच केलं, जे करायला सांगितलं होतं. आधी गल्लीतली पोरं घरात ढकलली, मग पोलिसांना फोन.

मी तालमीहून आले तेव्हा आमची गल्ली दोरीने बंद केली होती. उल्काताई दोरीच्या अलीकडे, भाजीची पिशवी छातीशी धरून उभ्या.

"आपल्या फाटकाले बॉम्ब लावला म्हणून राहिले," त्या पुटपुटल्या.

लांब काठीच्या आकड्याने एका जवानाने पुडकं अलगद उचललं. पाण्याने भरलेल्या पिंपात सोडलं. सगळी गल्ली कानात बोटं घालून उभी. बराच वेळ काही झालं नाही. मग जवानाने पिंपात वाकून पाहिलं, हात घातला आणि लगद्याचा एक गोळा वर काढला.

"मॅडम, इसमें तो कुछ लिखा हुआ है!"

उल्काताईंच्या हातातली भाजीची पिशवी खाली पडली.

बीजी दुपट्ट्याने डोळे पुसत आल्या. "हाय रब्बा! मैं तां तेरी किताब ही मरवा दित्ती!"

"नहीं बीजी," उल्काताईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. "आपने बिल्कुल ठीक किया। मैं होती तो मैं भी यही करती." आणि त्यांनी स्वतःच बीजींना घरात नेऊन चहा पाजला. लगदा मात्र ताटलीत घेऊन गच्चीवर वाळवायला ठेवला. वाळल्यावर त्याची वीट झाली. एकही पान सुटं होईना.

रविवारी बैठक तापली.

"अक्कल नावाची गोष्ट असते की नाही?" काका. "या दिवसांत? फाटकाला पुडकं?"

"कुणाचा जीव गेला असता म्हंजे?" दिगंबर खरोखरच भडकले होते. "आमच्या कारखान्यात नुसती पिशवी विसरली तर सायरन वाजतो. वैनी, म्या स्पष्ट बोलतो. पुढचे फर्मे खरडला नकोत. माझ्याकडनं थेट तुमच्याकडं द्येतो."

दाराजवळची खुर्ची रिकामी होती. रागिणीने बस कंडक्टरच्या हाती निरोप धाडला होता: चूक माझी आहे, माफ करा, मी आता येणार नाही.

उल्काताईंनी पुढचा फर्मा दिगंबरांकडून घेतला, आत गेल्या आणि थोड्या वेळाने चष्मा डोक्यावर ढकलून बाहेर आल्या.

"हे काय बाप्पा? हे लोक बाहेर आहेत!"

"कोण?"

"इरावी न सगळे. मागच्या फर्म्यात किल्ल्यात होते, दाणा संपला होता. इथी तर नदीकाठी बसून भात खाऊन राहिले. बाहेर कसे आले?"

भिजलेला फर्मा नेमका सुटकेचाच होता.

"आता नियम राहू द्या बाजूले," उल्काताई म्हणाल्या. "तुम्ही दोघांनी वाचलं आहे. सांगा."

काकांनी घसा साफ केला. "अं... ते तटावरून उतरतात. दोर टाकून. साधीच युक्ती आहे."

"दोर?" दिगंबर चमकले. "भुयार हाय की ओ काका! त्या जुन्या विहिरीतनं."

"विहीर कोरडी होती."

"कोरडी म्हणूनच भुयार!"

"दिगंबर, तुम्ही बसमध्ये डुलक्या काढता."

"आणि तुम्ही दोर कुठनं आणला? दोर तर पहिल्याच फर्म्यात शिजवून खाल्ला त्यांनी!"

मी खिडकीच्या कट्ट्यावर बसून पोट धरलं होतं. उल्काताई हसत नव्हत्या. त्या एकदा काकांकडे, एकदा दिगंबरांकडे पाहत होत्या.

"तुमच्यातल्या कुणीच वाचलं नाही," त्या हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या साडी बदलून तयार. अशोकराव बूट घालत होते.

"कुठे?"

"खरड."

"खरड? तिथे परवाच गोळीबार झालाय. आणि कशासाठी? नाक्यावर विचारलं, कुठे चाललीस, तर काय सांगशील? किल्ल्यातून माणसं कशी सुटली ते विचारायला?"

"हाव. तेच सांगीन. खोटं काऊन बोलू?"

अशोकरावांनी माझ्याकडे पाहिलं. "तू जा बरोबर. आणि उन्हं उतरायच्या आत परत."

नाक्यावर बस थांबली. जवान आत आला. पुढच्या बाकावरच्या बाईला त्याने विचारलं, कुठे, कशाला. मग उल्काताईंना.

"खरड. एक लड़की से किताब की कहानी पूछनी है।"

"कौन सी कहानी?"

मी डोळे मिटले. उल्काताईंनी सांगायला सुरुवात केली: दार नसलेला किल्ला, बाहेर सैन्य, आत इरावी, धान्य संपलेलं. जवान बंदुकीला रेलून ऐकत राहिला. ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं.

"फिर निकले कैसे?" जवानाने विचारलं.

"वही तो पूछने जा रही हूँ, भाईसाब!"

बसमध्ये हशा पिकला. त्या रस्त्यावर मी ऐकलेला तो पहिलाच.

रागिणीची खोली ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर. जिन्यात ग्रीसचा वास. दार उघडायला तिने वेळ लावला. आधी आतून विचारलं, कोण. उल्काताईंचा आवाज ओळखूनही पुन्हा विचारलं, कोण.

खोलीत ट्रंक भरून ठेवलेली होती. वर दोरीने बांधलेली वळकटी.

"शनिवारी हे येणार आहेत," रागिणी पाणी देताना म्हणाली. "मला मालवणला सोडतील. सासूबाई कधीच्या बोलावतायत. इथे एकटीने काय करायचं?"

"बरोबर आहे," उल्काताई म्हणाल्या. "काय करायचं."

मला वाटलं होतं त्या समजावतील, चूक विसर म्हणतील, दिगंबरांच्या वतीने माफी मागतील. त्यांनी पेला रिकामा केला आणि पदराने ओठ पुसले.

"तू तो फर्मा वाचला?"

रागिणीची मान खाली गेली. "वहिनी, तुमचं पुस्तक माझ्यामुळे..."

"ते विचारलं मी? वाचला?"

"दोनदा वाचला. एकदा मनात, एकदा मोठ्याने."

"मोठ्याने कोणाले वाचून दाखवला?"

"कोणाला नाही. खोलीलाच." ती कसनुशी हसली. "चार-चार दिवस मराठी शब्द तोंडातून निघत नाही. खाली सरदारजी 'बेटा, दूध आ गया' म्हणतात, मी 'हाँ जी' म्हणते. संपला दिवस. आवाज चालतो की नाही ते बघायला वाचते."

उल्काताई जराशा पुढे सरकल्या.

"मंग मले सांग. इरावी बाहेर कशी आली?"

रागिणीने डोळे वर केले. चेहऱ्यावर एकदम काहीतरी हललं. तालमीत एखाद्या गप्प मुलीला तिचं वाक्य आठवतं, तेव्हा हलतं तसं.

"ती नाहीच आणत त्यांना बाहेर! म्हणजे सगळ्यांना वाटतं इरावी जादू करील, पण ते होतं भलतंच. तिथे ती म्हातारी मथू असते ना, स्वयंपाकीण..."

"थांब." उल्काताईंनी हात वर केला.

"काय झालं?"

"मले एकटीले नको सांगू. रविवारी सांग. सगळ्यांयसमोर."

"उल्काताई!" मी जवळजवळ उडीच मारली. "ऐकून तर घ्या! इतक्या लांब आलो आपण! म्हातारी काय करते?"

"तू गप."

"वहिनी, मी नाही येणार रविवारी," रागिणी म्हणाली. "शनिवारी मी जाणार आहे."

"नको येऊ. जा मालवणले." त्या उठल्या. "मी राहीन किल्ल्यात. दाणा संपला आहे, पण राहीन. अंबाल्याच्या बायांनाही कळवते, की बायांनो, पुढचं माहीत असलेली एकच बाई होती, ती गेली गावाले."

"हे बरं आहे!" रागिणीचा आवाज चढला. मी तो चढलेला प्रथमच ऐकत होते. "मी सांगत होते तर तुम्हीच थांबवलंत!"

"हाव, मी थांबवलं. आता भांड रविवारी."

जिना उतरताना उल्काताईंनी कठडा घट्ट धरला होता. खाली रस्त्यावर आल्यावर त्या म्हणाल्या, "म्हातारी काय करत असेल गं?" आणि बस येईपर्यंत तेवढंच बोलत राहिल्या. भिंत पोखरते का? विष घालते का? तिचा मुलगा बाहेरच्या सैन्यात असेल का? जीव नुसता तळमळत होता बाईचा. तरी त्यांनी ती गोष्ट ओठापर्यंत आलेली परत पाठवली होती. एवढा संयम मी रंगमंचावरही पाहिलेला नाही.

रविवारी चिवडा वाटून झाला. काका पेपर वाचत होते, दिगंबर घड्याळ पाहत होते. उल्काताई चौथ्यांदा फाटकापाशी जाऊन आल्या. मग रिक्षा थांबली. रागिणी उतरली, आणि तिच्यामागे एक उंच, दमलेला माणूस. गुरुनाथ.

"शनिवारी निघणार होतो," त्याने सगळ्यांना नमस्कार करत सांगितलं. "पण ही म्हणाली, एक काम राहिलंय. काय काम ते बसमध्ये सांगितलं. मला अजून नीट कळलेलं नाही."

दिगंबर उठून उभे राहिले, परत बसले. रागिणी दाराजवळच्या खुर्चीकडे निघाली. उल्काताईंनी ती खुर्ची आधीच उचलून मधोमध आणून ठेवली होती.

"बस. बोल."

पहिली काही वाक्यं तिने जमिनीला सांगितली. मग मथू म्हातारी आली आणि आवाज उघडला. ही मथू रोज संध्याकाळी चूल विझली की उत्तरेच्या तटाला पाठ लावून बसते. पलीकडे सैन्याचा एक पहारेकरी असाच पाठ लावून बसलेला असतो. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. ती त्याला विचारते, आज काय जेवलास. तो म्हणतो, नाचणी, तीही करपलेली. ती म्हणते, मेल्या, आधी पाणी उकळून घे, मग पीठ वैर. दुसऱ्या दिवशी तो सांगतो, आज नाही करपली. मग त्याच्या गावाची गोष्ट, तिच्या दुखऱ्या गुडघ्याची गोष्ट. आतले लोक तिला वेडी म्हणतात. इरावीसुद्धा म्हणते. पण रोज त्या जागचा दगड थोडा पातळ होत जातो. आधी आवाज स्पष्ट यायला लागतो, मग उजेड झिरपायला लागतो...

रागिणी कधी उठून उभी राहिली, तिचं तिलाच कळलं नव्हतं. मथूचा आवाज ती जराशी घोगरी करून काढत होती, पहारेकऱ्याचा तोंडात घास असल्यासारखा. हे कुणी शिकवलं होतं तिला? कुणीच नाही. खोलीत एकटीने वाचून आलं होतं ते.

"...आणि एका संध्याकाळी मथू म्हणते, 'अरे, तुझं नाव तरी सांग.' तो नाव सांगतो. ती त्या नावाने हाक मारते आणि तिथला दगड दारासारखा उघडतो. किल्ल्याला दार नव्हतं, कारण आतून बाहेर आजवर कुणी कुणाला हाकच मारली नव्हती."

उल्काताईंनी डोळ्यांना पदर लावला नाही, काही नाही; त्यांनी फक्त एक लांब श्वास सोडला. बरेच दिवस धरून ठेवलेला.

"आलो बाहेर," त्या म्हणाल्या.

"एक मिनिट," काका खुर्चीत सरसावले. "म्हणजे ते नाचणीचं... ती सगळी स्वयंपाकाची बडबड..."

"हो, तीच."

काकांनी पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "मी ती पानं उलटली. म्हटलं, म्हातारी पीठ कसं वैरायचं ते सांगतेय, यात काय वाचायचं."

बैठक अशी काही हसली की बीजी भिंतीपलीकडून ओरडल्या, "की होया?"

"आणि तुमचं भुयार, दिगंबरभाऊ?" रागिणीने वळून विचारलं.

दिगंबर लाल झाले. "झोप लागली व्हती. स्वप्नात पडलं असंल भुयार." मग उठून तिच्यासमोर उभे राहिले. "वैनी, त्या दिवशी फार बोललो मी. तुमच्या माघारी बोललो. पुढचे फर्मे... म्हंजे, पूर्वीसारखे माझ्याकडनं तुमच्याकडं."

"पूर्वीसारखे नाही," उल्काताई म्हणाल्या. "पुडकं नाही, सुतळी नाही. उघडा फर्मा, हातातून हातात. कोणी घरी नसलं तर परत न्यायचा. आणि चौथा खंड आला की पहिलं घर रागिणीचं. शेवटचं घर काकांचं. त्यायले पानं उलटायची असली तर सगळ्यांचं झाल्यावर उलटतील."

"हा अन्याय आहे!"

"हाव, आहे."

गुरुनाथ इतका वेळ भिंतीला टेकून बायकोकडे पाहत होता. "मग," त्याने हळूच विचारलं, "मालवणची तिकिटं?"

रागिणी उल्काताईंना विचारत होती, पान केवढं कापायचं, ओळी किती बसतील. त्या दुपारी जेवणाच्या टेबलावर हरवलेला फर्मा लिहायला घेतला. रागिणी लिहायची, आम्ही भोवती. काका मध्येच म्हणायचे, "इथे लेखकाने एवढा लांब संवाद दिला नसणार." ती न बघता म्हणायची, "तुम्हाला काय माहीत? तुम्ही उलटलात." शेवटी काही ओळी तिच्या, काही लेखकाच्या, कुठल्या कुणाच्या ते आता सांगता येणार नाही. उल्काताईंनी तो फर्मा बाकीच्यांत शिवला. ट्रंक पुन्हा रिकामी केल्याचं आम्हाला नंतर कळलं, तेही गुरुनाथकडून.

अंबाल्याचं पत्र पुढच्या महिन्यात आलं. तिथल्या स्मिता नावाच्या बाईंनी सगळ्यांच्या वतीने मत कळवलं होतं. उल्काताईंनी ते भर बैठकीत वाचलं: तिसरा खंड आम्हाला पहिल्या दोन्हींपेक्षा आवडला, हाती लिहिलेली पानं तर दोघी-तिघींनी उतरवून घेतली, फक्त त्या स्वयंपाकीण म्हातारीचं प्रकरण थोडं लांबलं आहे.

"बघा!" काका उभेच राहिले. "मी काय म्हणत होतो? पाणी!"

"लांबलंय?" रागिणी त्यांच्यासमोर जाऊन उभी. "कुठे लांबलंय? एक ओळ काढून दाखवा. नाचणीची ओळ काढली तर तो पहारेकरी दुसऱ्या दिवशी बोलेल कशाला?"

"अहो, एकदा सांगितलं की कळतं वाचकाला!"

"वाचकाला कळतं, पानं उलटणाऱ्याला नाही कळत!"

"रागिणी, तुझी बस!" उल्काताई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "सुटेल बाप्पा!"

"सुटू दे," रागिणी म्हणाली, आणि काकांसमोरची खुर्ची ओढून बसली. "आज मी इथेच राहते. काका, दगड पातळ होतो ते पान काढा. तिथून सुरू करू."